गुरुजींनी गाळलेलं पान

आमच्या घरात इंटरनेट आलं ते वायरीतून नाही, एसटीतून आलं. दर रविवारी दुपारी हिंगोलीहून आखाडा बाळापूरला येणाऱ्या गाडीतून आमचे गुरुजी उतरायचे आणि त्यांच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत इंटरनेट असायचं. कधी दहा पानं, कधी वीस. पाऊस असला की स्वतः भिजायचे आणि पिशवी शर्टाच्या आत खोचायचे.

गुरुजी म्हणजे माझे मालक, प्रज्ञेश. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात म्हणून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, आणि राग आला की मीही म्हणते. त्यामुळे त्या वर्षी मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं फारशी हाक मारली नाही. साल दोन हजार सात. उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंच्या, चतुराबाईंच्या छातीत गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी डाव्या बाजूचं ऑपरेशन केलं आणि मग सलाईनमधून द्यायचे डोस सुरू केले, दर तीन आठवड्यांनी एक. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. "डोस चुकवायचा नाही आणि वजन घटू द्यायचं नाही. जे गोड लागेल ते खाऊ घाला," एवढंच त्यांनी सांगितलं. एवढ्या मोठ्या आजाराला एवढंसं बोलणं? गुरुजींचं काही समाधान होईना. त्यांनी हिंगोलीच्या बसस्टँडजवळचा शंकरसिंगचा सायबर कॅफे गाठला.

तेव्हा भारनियमन असं होतं की लाइट कधी जाईल याचा नेम नाही. शंकरसिंगनं पहिल्याच दिवशी मंत्र दिला, "गुरुजी, पहले छाप लो, पढ़ना घर जाके." त्यामुळे गुरुजी तिथं काहीच वाचायचे नाहीत. आजाराचं नाव टाकायचं, जे येईल ते छापायचं आणि लाइट जायच्या आत बाहेर पडायचं. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, त्या चिंध्या आमच्या घरी गुळगुळीत पांढऱ्या कागदावर यायच्या.

आता हे सगळं वाचायचं कसं? तर विहारात वाचतात तसं. पावसाळ्यात आमच्याकडे वर्षावास असतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. एक जण चटईवर बसून वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात. मध्ये कोणी बोलायचं नाही. वाचन झालं की सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हणायचं आणि ग्रंथाची समाप्ती झाली की गावाला खीर. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्न होऊन आल्यापासून एक वर्षावास चुकवला नव्हता. त्या वर्षी मात्र डोसामुळे गर्दीत जायचं नव्हतं. म्हणून गुरुजींनी तोडगा काढला. माय विहारात जाऊ शकत नाही ना, मग वाचन घरी. फक्त ग्रंथाच्या जागी शंकरसिंगची पानं.

पानं इंग्रजीत असायची. गुरुजी चटईवर बसायचे, एक ओळ मनात वाचायचे आणि तिचं मराठी करून मोठ्यानं सांगायचे. शेजारी डिक्शनरी. आत्याबाई भिंतीला टेकून, डोक्याला रुमाल बांधून, हात जोडून. मामाजी, म्हणजे सासरे, दाराशी. आणि मी चुलीपाशी, कारण कोणीतरी स्वयंपाक करायचा होताच.

स्वयंपाक तरी काय उरला होता म्हणा. पहिल्या रविवारी साखर गेली. दुसऱ्या रविवारी दूध गेलं. मग तळलेलं गेलं, मग शेंगदाणे गेले. पुण्याच्या कंपनीत असलेला माझा धाकटा दीर रत्नपाल फोनवरून भर घालायचा. त्याला ऑफिसात फुकटचं इंटरनेट होतं. "वहिनी, मायचा चहा आधी बंद करा," तो सांगायचा आणि त्याच्या स्वतःच्या चहाचा भुरका मला इकडे ऐकू यायचा. एकदा एका पानावर हळद उत्तम निघाली आणि दुसऱ्या पानावर जपून घ्या असं निघालं. गुरुजी न्यायी माणूस, त्यांनी दोन्ही पानांचा मान राखला. सकाळच्या वरणात हळद आणि संध्याकाळचं वरण पांढरं.

"ज्वारीला नेटवाल्यानं आजून काई नाव ठिवलं न्हाई व्हय?" आत्याबाईंनी मला एकदा हळूच विचारलं.

"ज्वारी त्यांना माहीत नाही, आत्याबाई."

"मंग होऊ बी देऊ नको माहीत. तेवढी राहू दे मला."

त्या हसत होत्या, पण पोलक्याच्या बाह्या सैल व्हायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी वजन घटू देऊ नका सांगितलं होतं आणि आम्ही घरादारानं मिळून, कागद हातात धरून, ते घटवत होतो. मी बोलले की गुरुजी म्हणायचे, "करुणा, हे छापील आहे." छापील म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो.

मामाजींचंही एक पान होतं. डोस घेतलेल्या माणसाची ताकद कमी झालेली असते, खोकला-सर्दी असलेल्यांनी लांब राहावं, असं त्यात होतं. आता मामाजींचा खोकला म्हणजे जन्माचा सोबती. विडी सुटली तरी तो काही सुटला नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी आपली बाज उचलली आणि पडवीत नेऊन टाकली. ती तिथंच राहिली. तांब्या द्यायचा झाला तरी आत्याबाईंच्या हातात देत नसत, स्टुलावर ठेवून दोन पावलं मागे सरत. मामाजी, सोनाजी, विजेच्या खात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली आणि एकदाही झटका खाल्ला नाही, याचा त्यांना फार अभिमान. "सबस्टेशनवरून लाइन बंद केल्याचं परमिट आल्याबिगर तारंला हात लावायचाच न्हाई," हे वाक्य या घरातलं प्रत्येक लेकरू बोलायला लागल्यापासून ऐकत आलंय.

आत्याबाई त्यांच्या बाजेकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, कागदात लिहिलंय म्हणून त्यांनाही ते पटलं असेल.

आणि मग तो रविवार आला. त्या दिवशी गुरुजींनी ऑपरेशननंतरच्या काळजीची पानं आणली होती. चांगलं वाचन चाललं होतं. हात वर कसा करायचा, भिंतीवर बोटं कशी चढवायची, हाताला सूज आली तर काय करायचं. आत्याबाई बसल्या बसल्या बोटं चढवून बघत होत्या. गुरुजींनी पान उलटलं, पहिली ओळ मनात वाचली आणि गप्प झाले. दुसरी वाचली. त्यांचे कान लाल झाले. मी चुलीपासून बघत होते, खोटं नाही सांगत, कान मिरचीसारखे लाल. मग त्यांनी ते पान आणि त्याच्या पुढचं अशी दोन्ही एकदम उलटली आणि घाईघाईनं म्हणाले, "तर, भरपूर पाणी प्यावं."

आता हे त्यांनी कोणासमोर केलं? चतुराबाईंसमोर. मागे एका वर्षी विहारात वाचणाऱ्याला क्रिकेटची मॅच बघायची होती, म्हणून त्यानं मधली दोन पानं गुंडाळली होती. सगळं गाव डुलक्या घेत होतं. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "थांब रे बाबा. आत्ता त्यो म्हातारा नदीच्या ह्या तीरावर व्हता, त्यो पल्याड कसा ग्येला? नाव कुठाय?" त्या माणसाला परत मागे जाऊन नाव आणावी लागली होती.

"प्रज्ञेश," आत्याबाई म्हणाल्या, "मधलं पान कुठं ग्येलं?"

"कोरं आलं ते. शंकरसिंगची शाई संपली."

"कोऱ्या पानाला यवढा येळ वाचत व्हतास व्हय?"

गुरुजी उठून थेट माझ्याकडे स्वयंपाकघरात आले आणि कागद माझ्यासमोर धरला. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण वरचा मथळा मलाही कळला. ऑपरेशननंतरचं नवरा-बायकोचं नातं. खाली सगळं नीट लिहिलेलं. मी जी हसत सुटले ती तोंडात पदर कोंबला तरी थांबेना.

"हसू नकोस. बाबा बसलेत तिथं! मी हे मायला वाचून दाखवू?"

"मग मी दाखवू? सासूला?"

"तू बाईमाणूस आहेस."

"आणि तुम्ही गुरुजी आहात. पान तुम्ही आणलंत, तुम्हीच वाचा."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवली. मला वाटलं, संपला विषय.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई खाईनात. जी ज्वारी नेटच्या तावडीतून वाचली होती तीही ताटात तशीच. मंगळवारी त्यांनी आपली निळ्या काठाची नवी साडी शेजारच्या रुक्माबाईच्या सुनेला देऊन टाकली. मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "करुणा, गुरुवारी म्या न्हाई जानार नांदेडला. बास झाले डोस."

"काहून, आत्याबाई?"

"पोरी, म्या सगळी उमर ऐकन्यात घातली. वाचनारा कवा अडतो ते मला कळतं. ज्ये पान लेकाला मायसमोर वाचवत न्हाई, ते मरनाचंच आसतं. आन ह्याहिनं बाज भायेर नेली तवाच मला शंका आल्ती. सगळ्याला ठाऊक हाय, फकस्त मलाच न्हाई. मंग कशाला सुया टोचून घ्यायच्या?"

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. त्या रडत नव्हत्या, साडीच्या निऱ्या सारख्या करत बोलत होत्या आणि मला हुंदका आवरेना. आम्ही ज्याला चेष्टा समजत होतो त्यावर ही बाई मरायची तयारी करून बसली होती.

मी हे सांगितलं तेव्हा गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. "माय, शपथ घेऊन सांगतो, तसलं काही नाही त्यात."

"मंग वाच."

गुरुजींनी तोंड उघडलं. मामाजींकडे बघितलं आणि मिटलं. रत्नपालला फोन लावला, तर तो लांबून म्हणाला, "दादा, वहिनींना सांगायला सांगा ना," आणि त्याला एकाएकी मीटिंग लागली. मामाजी दारातूनच म्हणाले, "अवं, असं काहून करून राहिलीस? डागदरनं सांगितलंय, डोस चुकवायचा न्हाई."

"तुमी गप ऱ्हावा," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी तं कवाच लाइन तोडून भायेर बसलेत."

मामाजींना खोकला आला तोही त्यांनी दाबला.

बुधवारी दुपारी गुरुजी शाळेतून आले तेव्हा मी उंबऱ्यातच उभी होते. "तोंडानं येत नाही ना? मग हातानं लिहा," मी म्हटलं आणि वही पुढे केली. "सगळं पान मराठीत लिहायचं. एक ओळ गाळलीत तर आजपासून तुम्हालाही पांढरं वरण."

त्यांनी लिहिलं. फळ्यावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरात, घाम पुसत आणि असल्या शुद्ध मराठीत की चौथीचं पुस्तक वाटावं. दिवेलागणीला मी सगळ्यांना बसवलं. गुरुजींना अचानक दळण आणायचं आठवलं, त्यांना म्हटलं, दळण उद्या. डोक्यावर पदर घेतला, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि गुरुजींच्या चटईवर मी बसले. आत्याबाईंनी सवयीनं हात जोडले.

मी वाचलं. एकही ओळ गाळली नाही. ऑपरेशन झालेल्या बाईला आपलं शरीर परकं वाटतं, आरशात बघायचं भय वाटतं, हे वाचलं. नवऱ्याला वाटतं की हात लावला तर तिला दुखेल, म्हणून तो लांब राहतो, आणि तिला वाटतं की आपण त्याला नकोशा झालो, हे वाचलं. हा आजार स्पर्शानं लागत नाही, स्पर्शानं वाढत नाही. जखम भरली की जवळ बसावं, जवळ झोपावं, हात हातात घ्यावा. पुढचं सगळं काही दोघांच्या मनासारखं आणि डॉक्टरांना विचारून. त्या 'पुढच्या सगळ्या'पाशी गुरुजी छताच्या वाशांकडे बघत होते. वासे काही पळून जात नव्हते.

वाचन संपलं. आणि मग मामाजींच्या तोंडून, डोळे मिटलेले, हात जोडलेले, सगळ्या जन्माच्या सवयीनं निघून गेलं, "साधू, साधू, साधू."

गुरुजींनी डिक्शनरीत तोंड लपवलं. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मामाजींकडे बघत होत्या.

"त्ये हात लावायचं परत वाच, करुणा."

मी परत वाचलं.

"म्हंजी," मामाजींनी डोळे उघडले, "म्या हात लावला तं हिला दुखनार न्हाई?"

"नाही, मामाजी."

"आन वाढनार बी न्हाई? तसं छापलंय?"

"छापलंय."

"मला वाटलं..." मामाजींनी आपले तळवे उघडून बघितले. "मला वाटलं, माज्या हातानं काई झालं तं? इतक्या तारा धरल्या जन्मात, पर समद्या परमिट घिऊन. हिच्या बाबतीत कुनी सांगंचना धरू का नगो. इचारावं कुनाला? लेकाला?"

"आन म्या इकडं मरनाच्या तयारीला लागले," आत्याबाई म्हणाल्या आणि तेव्हा त्या रडल्या. ऑपरेशनच्या दिवशीही रडल्या नव्हत्या, त्या आता एका बाजेपायी रडल्या. मामाजी दारातून उठले, आत्याबाईंच्या शेजारी येऊन बसले आणि काय करावं ते न सुचून त्यांच्या डोक्यावरचा रुमाल नीट करत राहिले.

डोळे पुसून झाल्यावर आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "समाप्ती झाली ना? मंग खीर कुठाय?"

"माय, खिरीत साखर असते," गुरुजी डिक्शनरीतून म्हणाले. "आणि दूध. ते दुसऱ्या रविवारचं पान..."

"त्ये पान गाळ," आत्याबाई म्हणाल्या. "तुला येतंय की गाळता."

मी खीर केली. साखर हात सैल सोडून घातली. आत्याबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि मामाजी बाज आत आणायला गेले. बाहेर नेताना ती त्यांनी एकट्यानं नेली होती, आत आणायला मात्र दुसरा हात लागला. "धर रे जरा," त्यांनी लेकाला हाक मारली. गुरुजींनी जमिनीकडे बघत एक बाजू धरली.

गुरुवारी सकाळी नांदेडची गाडी यायच्या कितीतरी आधी आत्याबाई स्टँडवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. दर वेळी गुरुजी त्यांच्याबरोबर जायचे आणि मामाजी घरी थांबायचे. त्या दिवशी मामाजीही निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढचं मला गुरुजींनी संध्याकाळी सांगितलं, चहा पिता पिता, काही न गाळता.

गाडीत ते दोघं पुढे आणि गुरुजी मागच्या बाकावर बसले. बाळापूरच्या अर्ध्या गावादेखत मामाजींनी आत्याबाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर ठेवला. कंडक्टर आला, तिकीट मागायला लागला. पैसे मामाजींच्या वरच्या खिशात होते. ते हलले नाहीत. आत्याबाई लाजून म्हणाल्या, "अवं, सोडा की, पैशे द्या त्याहिला."

मामाजींनी मान वर केली आणि कंडक्टरला म्हणाले, "हात मोकळे न्हाईत बाबा. खिशातून तुमीच काढून घ्या."